फुकट नको, मुक्त हवं

(फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेला ४ ऑक्टोबर २०२५ रोजी चाळीस वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने भंडारा जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बाया, अंगणवाडी सेविका, कार्यकर्त्या आणि कॉम्प्युटर शिकणारी काही मुलंमुली एकत्र जमली होती. त्या मेळाव्यात केलेलं हे भाषण.)



या कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन आम्ही गावोगावी फिरलो, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न आला : "कॉम्प्युटरवाल्यांच्या संस्थेचा वाढदिवस, तो आपण कशाला करायचा?" हलका धान कापणीला आलेला, घरात दिवाळीची कामं पडलेली. तरी तुम्ही अर्धा दिवस मोडून आलात. तेव्हा या प्रश्नाचं सरळ उत्तर तुम्हाला मिळालंच पाहिजे.

आधी ही संस्था कशी निघाली ते सांगते. १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक प्रोग्रामर काम करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा, आणि लांब बसलेल्या माणसाला ते कळायचं नाही. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉलमन यांनी बदल केला होता. कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरमध्येही त्यांना तेच करायचं होतं. पण कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर माणसाला वाचता येईल अशा रूपात दिलेलंच नव्हतं. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे ते होतं. स्टॉलमन मागायला गेले, तर तो म्हणाला, कुणाला देणार नाही असं मी लिहून दिलंय.

गोष्ट एवढीशीच. पण मशीन आपलं, त्रास आपला, दुरुस्ती करण्याची अक्कलही आपली, आणि तरी हात लावायची परवानगी नाही, हे स्टॉलमन यांना पटेना. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. कुणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी कॉम्प्युटरची संपूर्ण यंत्रणा उभी करायची, असा तो संकल्प होता. त्या कामाला आधार म्हणून ४ ऑक्टोबर १९८५ रोजी ही संस्था स्थापन झाली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच संस्थेच्या परवान्याखाली आणला. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही लिनक्स आहे. आपल्याकडे या संस्थेची भारतीय भगिनी संस्था जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला सुरू झाली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले जी. नागार्जुन यांनी त्या कामाची धुरा बरीच वर्षं सांभाळली. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं आज मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकतात.

आता 'मुक्त' म्हणजे काय? इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ येतात, म्हणून त्या लोकांना चाळीस वर्षं खुलासा करत बसावं लागलं. आपल्याला ती अडचण नाही. आपल्याला दोन्ही शब्द वेगळे माहीत आहेत. स्त्रीमुक्ती म्हणजे काही फुकट मिळालेली बाई नव्हे! मोबाईलवर फुकटात मिळणारी ढीगभर अ‍ॅप्स आहेत. त्यांतलं एकही मुक्त असेलच असं नाही.

आपल्या भागात हे समजावून सांगायला धानाच्या बियाण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. पूर्वी घरातली म्हातारी मडक्यात किंवा ढोलीत बियाणं राखून ठेवायची. ते कोणत्याही बांधीत पेरायला कुणाची परवानगी लागत नव्हती. लोंबी निरखून, चांगली निवडून वाण सुधारता येत होतं. शेजारणीला पायलीभर देता येत होतं. आणि सुधारलेलं वाणही वाटता येत होतं. सॉफ्टवेअरबद्दल ही संस्था नेमकी हीच चार स्वातंत्र्यं मागते : हव्या त्या कामाला वापरायचं, आत काय आहे ते वाचून बदलायचं, दुसऱ्याला द्यायचं, आणि बदललेलं रूपही वाटायचं. जिथे ही चारही आहेत ते मुक्त सॉफ्टवेअर.

पण नुसतं वाटून भागत नाही, हे आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याने पाहिलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचे शेतकरी. १९८३ सालीच, धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, वर्षामागून वर्षं पेरून त्यांनी बारीक तांदळाचं नवं वाण तयार केलं. शेजारीपाजारी वाटलं. घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी नाव पडलं आणि ते आपल्या जिल्ह्यातही पोचलं. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण बाहेर आलं. दादाजींना त्यांचं श्रेय मिळवण्यासाठी पुढे कितीतरी झगडावं लागलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हाही ते गरीबच होते.

दिलदार माणूस वाटतो आणि त्यावर नाव दुसऱ्याचं लागतं, ही गोष्ट बायांना नवीन नाही. या संस्थेने त्यावर एक तोड काढली. तिने १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना लिहिला. त्याचं म्हणणं असं : घ्या, वापरा, बदला, विका सुद्धा. पण मूळ करणाऱ्याचं नाव पुसायचं नाही. आणि बदललेलं पुढे देताना तुम्हाला मिळाली तीच मोकळीक पुढच्यालाही द्यायची. सार्वजनिक तळ्यातून पाणी घ्यावं, पण तळ्याला कुंपण घालता येऊ नये, तसा हा नियम आहे. मामा तलावांच्या जिल्ह्यात याहून जास्त सांगायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपला काय संबंध?

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला शिकवलं होतं की गावात काम सुरू करायचं तर आधी सत्ता कुणाकडे आहे ते शोधा. जमीन कुणाची, सावकार कोण, रेशन दुकान कुणाचं. आज त्या यादीत आणखी एक नाव घालावं लागतं. पडद्यावरच्या चौकटी कुणी आखल्या?

रोजगार हमीचं उदाहरण घ्या. या योजनेचा जन्मच महाराष्ट्रातला. कागदाच्या हजेरीपटात खोटी नावं असायची, हे खरं. पण तो हजेरीपट चार बुकं शिकलेली बाई हातात घेऊन वाचू शकत होती, भर ग्रामसभेत विचारू शकत होती. १ जानेवारी २०२३ पासून सगळ्या सार्वजनिक कामांवर मोबाईलमधल्या अ‍ॅपवरून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो. रेंज नाही, फोटो चढला नाही, तर राबलेला दिवस गेला. बाईने भांडायचं कुणाशी? मेट म्हणे माझ्या हातात नाही, ग्रामसेवक म्हणे वरून आहे. 'वर' म्हणजे कुठे, ते कुणालाच दाखवता येईना.

अंगणवाडी सेविकांनी मात्र ते 'वर' शोधून दाखवलं. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं. सरकारने दिलेले मोबाईल अडकत होते आणि अ‍ॅप इंग्रजीत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल परत केले. आम्ही मराठीत काम करतो, आम्हाला मराठीत द्या, हे त्यांचं म्हणणं. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली. मला विचाराल तर सॉफ्टवेअरच्या हक्कासाठी महाराष्ट्रात झालेला हा सर्वांत मोठा लढा आहे, आणि तो इंजिनिअरांनी नव्हे, मानधनावर काम करणाऱ्या बायांनी लढला. त्यांना 'मुक्त सॉफ्टवेअर' हा शब्दही माहीत नसेल. मागणी तीच होती : जे आम्ही वापरतो ते आमच्या सोयीने बदला. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवायची सक्ती आली, आणि हाच प्रश्न सेविकांपुढे नव्याने उभा राहिला.

तिसरं उदाहरण तर ताजंच आहे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. नवरा मेलेला, वडील मेलेले, किंवा घटस्फोट झालेला, अशा बाईने त्या चौकटीत काय भरायचं? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद देण्याची सोय करण्यात आली. पण परित्यक्तेचं काय? नवऱ्याने टाकलेलं, कोर्टाचा कागद नाही, नवरा कुठे आहे माहीत नाही, आणि माहीत असला तरी त्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपी तो तिला देणार आहे का? आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की बाईची ओळख बापाच्या, नवऱ्याच्या नावावाचून व्हावी. आणि एका चौकटीने ती पुन्हा त्यांच्या दारात नेऊन उभी केली.

कुणी म्हणेल, हा तर सरकारचा निर्णय, यात सॉफ्टवेअरचा काय दोष? बरोबर आहे. निर्णय माणसंच घेतात. पण कागदावरचा निर्णय आपल्याला वाचता येतो, त्यावर हरकत घेता येते. सॉफ्टवेअरमध्ये गेलेला निर्णय दिसत नाही. तो "सिस्टीम घेत नाही" अशा भाषेत आपल्यासमोर येतो. म्हणून सरकारने लोकांच्या पैशातून केलेलं सॉफ्टवेअर लोकांना वाचायला खुलं पाहिजे, ही मागणी माहितीच्या अधिकाराचाच पुढचा भाग आहे. आणि ती अशक्य नाही. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं केंद्र सरकारचं धोरणच २०१५ मध्ये जाहीर झालं आहे. करोनाच्या काळात आरोग्य सेतू अ‍ॅपबद्दल लोकांनी प्रश्न विचारले, तेव्हा मे २०२० मध्ये त्याचा कोड खुला करण्यात आला. विचारलं तर मिळतं.

हा प्रश्न आपल्या शरीरापर्यंतही पोचतो. करेन सँडलर या अमेरिकेतल्या वकील. त्यांना हृदयाचा आजार आहे, आणि हृदय अचानक थांबू नये म्हणून शरीरात एक यंत्र बसवलं आहे. धोका वाटला की ते विजेचा झटका देतं. यंत्र बसवण्याआधी त्यांनी विचारलं, यातलं सॉफ्टवेअर मला बघायला मिळेल का? कंपन्यांनी नकार दिला. पुढे त्या गरोदर राहिल्या. गरोदरपणात पुष्कळ बायांचं काळीज धडधडतं. यंत्राला तो धोका वाटला आणि त्याने विनाकारण झटके दिले. असं यंत्र बसवलेली माणसं बहुतेक वयस्क पुरुष, त्यामुळे गर्भार बाईचा विचार कुणी केलेलाच नव्हता. स्वतःच्या शरीरातलं यंत्र बदलता येईना, म्हणून सँडलरना औषधं घेऊन स्वतःचं हृदय मंद करावं लागलं. यंत्र बदलत नाही म्हणून बाईने बदलायचं. ओळखीचं वाटतंय ना?

पण मैत्रिणींनो, वाढदिवस आहे म्हणून नुसती आरती ओवाळायची आपली पद्धत नाही. या चळवळीच्या घरातही आपल्याला बघितलं पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये, अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण करणाऱ्या जेफ्री एपस्टीनच्या प्रकरणात, आपल्या एका दिवंगत सहकाऱ्याची बाजू घेताना स्टॉलमन यांनी पीडित मुलीच्या संमतीविषयी जे लिहिलं, त्यावर मोठा संताप झाला. त्यांना एमआयटी आणि या संस्थेचं अध्यक्षपद दोन्ही सोडावं लागलं. मार्च २०२१ मध्ये ते संस्थेच्या संचालक मंडळावर परतले, तेव्हा चळवळीतल्याच असंख्य लोकांनी जाहीर निषेध केला. काही मोठ्या संस्थांनी मदत थांबवली. चार स्वातंत्र्यांचं तत्त्व ज्याने मांडलं, त्याला बाईच्या 'नाही'चा अर्थ कळू नये, याचं आपल्याला दुःख होईल, पण आश्चर्य वाटणार नाही. समाजवादी, डाव्या, दलित, शेतकरी, सगळ्या चळवळींत आपण हे पाहिलं आहे. व्यासपीठावर समतेचं भाषण आणि घरात, कार्यालयात वेगळंच. त्यातून आपण एक शिकलो. विचार पुढाऱ्याच्या मालकीचा नसतो. पुढाऱ्याला जाब विचारायचा आणि विचार आपल्या हातात घ्यायचा.

त्या चळवळीतल्या बायांनी तेच केलं. २००६ मध्ये ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले. त्यांत बाई एकही नव्हती. मग त्यांनी खास बायांसाठी जागा जाहीर केल्या, तर शंभरावर अर्ज आले. म्हणजे बाया होत्याच. आपल्याला बोलावलंय असं त्यांना वाटत नव्हतं. त्यातूनच पुढे आउटरीची हा कार्यक्रम उभा राहिला. तो बायांना आणि डावलल्या गेलेल्या इतरांना पैसे देऊन या कामात आणतो. सँडलरही तो चालवणाऱ्यांपैकी एक आहेत. आज मला वाढदिवस साजरा करायचा आहे तो या बायांचाही.

आता आपल्या कामाचं बोलू. ज्या एका संस्थेत मी काम केलं, तिथे परित्यक्तांच्या मुलाखती गोळा केल्या होत्या. बाजारातल्या एका दुकानात टाईप करून घेतल्या. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा, एकाचं लिखाण दुसऱ्यात उघडत नसे. दुकान बंद झालं, तो कॉम्प्युटर भंगारात गेला. आज ती फाइल उघडली की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. बायांनी रडत रडत सांगितलेलं सगळं त्या कुलपात अडकलंय, आणि किल्ली आपल्याकडे कधी नव्हतीच. यापुढे असं व्हायचं कारण नाही. युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठेही उघडतं. लोहित, मुक्ता असे सुंदर देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात. 'मुक्ता' हा मुंबईच्या एक टाईपने केलेला. नावसुद्धा आपलंच वाटतं! लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीतून चालतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपल्याला स्वतः लिहिता येतं.

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. त्याच १९८३ साली स्त्रीमुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' आलं. गावोगावच्या गटांनी ते केलं. आपली गाणी, पथनाट्यं, घोषणा आपण वह्यांत उतरवून घेतल्या, झाडीबोलीत वळवल्या, त्यांत आपल्या तालुक्यातल्या घटना घातल्या आणि पुढच्या गटाला दिल्या. वाटायचं आणि सुधारायचं, हे आपण करतच आलो आहोत.

मुक्त सॉफ्टवेअर आलं की बाई मुक्त होईल, असं मात्र मी म्हणणार नाही. मोबाईल नवऱ्याच्या खिशात असेल तर त्यातलं सॉफ्टवेअर मुक्त असून काय उपयोग? दिवसभर बिडी वळून आलेल्या बाईला शिकायला वेळ कोण देणार? हक्क कागदावर असणं आणि हातात असणं यातलं अंतर आपण चांगलं जाणतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. तरी भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर बहिणी सही करतातच. मोबाईलवर 'मान्य आहे' हे बटण आपण न वाचता दाबतो, तेही एक हक्कसोडपत्रच आहे. फरक एवढाच की इथे भाऊबीजेची साडीसुद्धा मिळत नाही!

म्हणून आज इथून जाताना तीन कामं ठरवून जाऊ या. एक, आपल्या गटाचे हिशोब, ठराव, केसेस युनिकोडमध्ये आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे, आणि त्यांची एक प्रत गटाच्या स्वतःच्या हातात असेल. दोन, कोणत्याही योजनेत "सिस्टीम घेत नाही" असं उत्तर मिळालं की ते लेखी मागायचं, आणि कागदावरचा पर्याय ठेवा असा ठराव ग्रामसभेत मांडायचा. तीन, इथे आलेल्या कॉम्प्युटरच्या विद्यार्थिनींनी महिन्यातून एक दिवस एखाद्या गटाला द्यायचा. शिकवायला या, आणि आमच्याकडून शिकायलाही या. चौकट आखायची वेळ उद्या तुमच्यावर येईल, तेव्हा परित्यक्ता बाईसाठी तिच्यात जागा ठेवायची आठवण तुम्हाला राहील.

बोस्टनला ४ ऑक्टोबरला त्या संस्थेने आपल्या माणसांबरोबर चाळीस वर्षांचा सोहळा केला. त्यांच्यापर्यंत आपला आवाज पोचेल की नाही, ते सोडा. अंगणवाडी सेविकांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचला होता, तेवढा आपल्याला सध्या पुरे. आता चहा घ्या, आणि जाण्याआधी त्या कोपऱ्यातल्या दोन कॉम्प्युटरवर आपापलं नाव मराठीत लिहून बघा. मुली दाखवायला बसल्या आहेत.